बऱ्या झालेल्या मीनूला घेऊन दवाखान्यात

मीनूच्या तापाची गंमत तुम्हाला सांगितली नाही का? सर्दीतापानं पोर फणफणलेली, म्हणून मी म्हटलं, "डॉक्टर, एक इंजेक्शन देऊनच टाका."

आमचे लोणावळ्याचे डॉक्टर नुकतेच पुण्याला डॉक्टरांसाठीच्या वर्गाला जाऊन आले होते. म्हणाले, "नको. तिथं आम्हाला विचारलं, सुईवाचून किती मुलं बरी होतात? एकालाही सांगता येईना. बरं झालेलं मूल परत आणतंय कोण? तुम्ही मात्र आणा, वहिनी. ताप वाढला तर लगेच, आणि बरी झाली तरीसुद्धा."

मी मॅट्रिक झालेली, पण वाद न घालता "आणीन" असा शब्द दिला नि पोरीला तशीच घरी घेऊन आले. ताप उतरेपर्यंत मात्र मनातल्या मनात डॉक्टरांना काय काय बोलले! मीनू खडखडीत बरी झाली, तशी शब्द दिल्याप्रमाणे तिला घेऊन गेले.

बाकावर शेजारी जवळच्या कुरवंडे गावची एक मावशी बसली होती. "काय हुतंय गं पोरीला?"

"काही नाही. बरी झाली, तेच सांगायला आलेय."

मावशीनं मला नीट न्याहाळलं आणि मायेनं म्हणाली, "मग पोरीला ऱ्हाऊ दे माज्यापाशी. तू जा आत, सोताला दाव."