छत्तीस हप्ते आणि एक पाखरू

...आणि वर मलाच म्हणतात, "काय मालक, मजा आहे बुवा तुमची!" मजा? कसली मजा हो? या ट्रकचा मालकही मीच आणि ड्रायव्हरही मीच, आणि तुम्हाला सांगतो, या दोघांत ड्रायव्हर सुखी होता, कारण त्याला निदान मालकाच्या नावाने बोटं तरी मोडता यायची! मी कुणाच्या नावाने मोडू? आरशात बघून मोडावीत, तर आरसाही कंपनीचा! पण ते असू दे... गाडी माझी, बरं का!

म्हणजे तशी माझी नाही. लीजवर आहे. लीज म्हणजे काय, ते मला तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर आज मी तुमच्यासारखा आरामात बसून दुसऱ्याचं रडगाणं ऐकत असतो. तर लीज म्हणजे गाडी कंपनीची आणि बाकी सगळं आपलं. डिझेल आपलं, टायर आपले, विमा आपला, पंक्चर तर आपलंच! छत्तीस महिने हप्ता भरायचा आणि सदतिसाव्या महिन्यात एक भलीमोठी रक्कम एकदम टाकली तर गाडी आपली, नाही टाकली तर किल्ली टेबलावर ठेवून चालत घरी. इतकं सोपं! सही करताना मला तर ती किल्ली फुलासारखी वाटली होती हो... 

आता तुम्ही म्हणाल, शिकलेला माणूस तू, परदेशात जाऊन वाहतुकीचं शास्त्र शिकून आलास, या भानगडीत पडलास कशाला? बाबांमुळे. आमच्या बाबांनी एकतीस वर्षं दुसऱ्याची ट्रक चालवली. रोज सकाळी निघायच्या आधी ड्रायव्हरच्या दारावर रात्रभरात बसलेल्या धुळीत बोटाने एक पाखरू काढायचे. संध्याकाळी गाडी धुतली की पाखरू गेलं. दुसऱ्या दिवशी परत नवं. मी लहानपणी विचारायचो, "बाबा, रोज पुसलं जातं, तर काढता कशाला?" तर म्हणायचे, "गाडी आपली नाही ना रे. पुसलं जाईल असंच काढावं." हे वाक्य मी सोबत घेऊन गेलो, तिकडच्या वर्गात खिडकीच्या काचेवर वाफ धरली की मीही बोटाने पाखरू काढायचो, आणि परत आलो तो हेच घेऊन आलो. पहिल्याच जेवणाला उभा राहून भाषण ठोकलं, "ज्याच्या हातात चाक, त्याचीच गाडी असली पाहिजे! चालकच मालक!" ताई म्हणाली, "आधी खाली बस, ताटातलं संपव."

पण गाडी घेताना कंपनीकडे ठेवायची अनामत रक्कम कुणी भरली? ताईनेच! आठ वर्षं शिवणकाम करून साठवलेले पैसे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "मला परत नको देऊस. फक्त बाबांना पुन्हा दुसऱ्याच्या गाडीत बसवू नकोस." आता सांगा, यावर माणूस कराराची कलमं वाचत बसेल की सही करेल?

सही केली आणि हिशेब मांडला. रंगीत तक्ता हो! किलोमीटरला इतकं भाडं, गुणिले महिन्याचे किलोमीटर, वजा डिझेल, वजा हप्ता, आणि खाली जी रक्कम उरली ती बघून मला वाटलं, दोन वर्षांत दुसरी गाडी! तक्ता घेऊन गेलो चहाच्या टपरीवर. तिथे आमचे एक जुने ड्रायव्हरकाका बसतात, त्यांना सगळे भोंगा म्हणतात, कारण ते कानात बोलले तरी पेट्रोलपंपापर्यंत ऐकू जातं.

"किलोमीटर कसे मोजलेस रे?"

"जाऊन येऊन, काका."

"जाताना माल आहे. येताना कोण भाडं देणार? तुझा सासरा?"

"काका, माझं लग्न झालेलं नाही."

"मग कोणीच नाही देणार!"

अख्खी टपरी हसली. पंक्चरवाला तर टायर सोडून हसायला आला. आणि तुम्हाला सांगतो, चार वर्षं परदेशात शिकलो, पण ट्रक परत आणावी लागते, आणि बहुतेक वेळा रिकामी आणावी लागते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं हो! तक्त्याचा अर्धा भाग तिथेच चहात बुडाला. पण म्हटलं असू दे, गाडी माझी, बरं का!

आणि खरं सांगू का... रागावू नका, पण ते रिकामं परतणं मला आवडायचं. भरलेली गाडी कण्हते, रिकामी गाडी गाते. पहाटे धुकं असावं, रस्त्याकडेची झाडं एकेक करून पुढे यावीत, जणू कुणी नावं पुकारतंय आणि ती हजर म्हणतायत... मागे रिकाम्या हौद्यात साखळी किणकिण वाजावी, शेजारी बाबा डोळे मिटून बसलेले, हो, बाबा माझ्यासोबतच असायचे, आणि मला वाटावं, आपण माल नाही, सकाळच घेऊन चाललोय गावोगावी. अशा तंद्रीत मी एकदा आमचं वळण सोडून वीस किलोमीटर पुढे गेलो. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "मालक, हे वीस कुणाच्या खात्यात?"

कुणाच्या खात्यात ते कंपनीत कळलं. तिथे काउंटरवर एक बाई बसतात, अतिशय गोड बोलतात, इतकं गोड की ऐकून माणसाला साखरेचा त्रास सुरू व्हावा.

"सर, तुमचे किलोमीटर जास्त होतायत हं. कलम सतरा. मर्यादेच्या वर गेलात की दर किलोमीटरला आकार पडतो."

"अहो बाई, पण हप्ता भरायचा तर गाडी चालवायलाच हवी ना?"

"हो सर."

"आणि चालवली तर आकार?"

"हो सर."

"मग उभी करून ठेवू?"

"ठेवा ना सर. हप्ता फक्त एक तारखेला द्या."

आता याला काय म्हणावं? पळालो तर दंड, थांबलो तर हप्ता! पण गाडी... माझी, बरं का.

असे पस्तीस हप्ते भरले. कसे भरले ते विचारू नका. एका दुपारी माल उतरायला वेळ होता म्हणून मी सीटवर आडवा झालो, जाग आली ती रंगाच्या वासाने. खाली उतरून बघतो तर बाबा, हातात ब्रश, समोर डबी, आणि ड्रायव्हरच्या दारावर निळं पाखरू! एक पंख मोठा, एक लहान, चोच जरा वाकडी.

"बाबा! हे काय?"

"ऑइल पेंट आहे," बाबा म्हणाले. "धुतलं तरी जात नाही. आता आपली गाडी ना?"

कलम बावीस: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय गाडीवर रंग, चित्र, अक्षर काढायला सक्त मनाई. मला तोंडपाठ होतं. पण एकतीस वर्षं धुळीत काढलेलं पाखरू पहिल्यांदा वाळत होतं हो... मी म्हटलं, "छान आहे. पंख जरा लहान झालाय."

छत्तिसावा हप्ताही भरला, आणि मग आला सदतिसावा महिना. भलीमोठी रक्कम होती का माझ्याकडे? वेड लागलंय? तिच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नव्हती. ताईला तोंड कसं दाखवायचं, या विचारात मी गाडी धुतली. बाबांनी गाडीतलं सामान गाठोड्यात बांधलं. कंपनीच्या फाटकाशी फक्त म्हणाले, "टाकी भरून देऊ नकोस."

आत तपासनीस आला, मागे वही घेतलेला कारकून. भर उन्हात हातात बॅटरी! "सीट फाटलेली. लिहा. टायर झिजलेले. लिहा. जादा किलोमीटर. लिहा." मी म्हटलं, "अहो, गाडी चालवली की टायर झिजणारच." तर म्हणतो, "ते तुमचं मत झालं." मग दाराशी थांबला.

"हे काय आहे?"

"पाखरू."

"लिहा. दरवाजा, नवीन."

"नवीन दरवाजा कशाला? रंग खरवडा ना!"

"कंपनीचा रंग तसाच्या तसा जुळत नाही. अख्खा दरवाजा."

बाईंनी गोड हसत आकडे मांडले. ताईची अनामत वजा करून सगळा हिशेब बरोब्बर शून्यावर येत होता. शून्य! किल्ली ठेवायची, हात झटकायचे, घरी जायचं. पण दरवाजा राहिला. आणि दरवाज्याचे पैसे माझ्या सात पिढ्यांकडे नव्हते.

"सर, आजच्या आज भरायला लागतील."

"आणि समजा... परत केलीच नाही तर?"

"मग काहीच नाही सर. ती मोठी रक्कम एकदम नको, अनामत सुरुवातीचे पैसे म्हणून धरू, बाकीचे हप्त्यांनी. आज फक्त सही."

"म्हणजे गाडी परत करायला पैसे लागतात आणि ठेवायला लागत नाहीत?"

"आज लागत नाहीत सर."

सही केली. बाहेर बाबा गाठोड्यावर बसले होते.

"दिलीस?"

"घेतली."

बाबा उठले, दारापाशी गेले, पाखराच्या लहान पंखावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "डबीत थोडा रंग उरलाय. हा पंख मोठा करून टाकू."

म्हणून तुम्हाला सांगतो, कुणी विचारलं ना, की बाबा रे, तू मालक कसा झालास, तर कष्टाने, हुशारीने, ताईच्या आशीर्वादाने वगैरे म्हणायची माझी फार इच्छा आहे हो... पण खरं सांगायचं तर, गाडी परत करण्याइतकी माझी ऐपत नव्हती. आता अठ्ठेचाळीस हप्ते राहिलेत. बाकी गाडी माझी, बरं का!