शालनच्या लग्नातली पेटी

नाव कोरलेली पेटी माझ्याकडून हवी असेल, तर आधी विचारा की लाकूड कुठलं. का, ते ऐका.

तेव्हा कुडाळात रेल्वे यायची होती आणि लग्नसराईत माझ्या पेट्यांना मोठी मागणी असायची. पडलेला फणस नाहीतर आंबा दिसला की ओंडका मी उचललाच. माझा मित्र बाबल, त्याच्या बहिणीचं, शालनचं लग्न ठरलं. त्यांच्या बांधावर आंब्याचा अर्धा ओंडका पडून होता. अचानक भेट द्यायची म्हणून मी न विचारताच तो नेला. झाकणावर शालनचं नाव, भोवती वेल, अशी झकास पेटी केली.

मांडवात चारचौघांसमोर ती तिच्या हातात दिली आणि छाती फुगवून म्हणालो, "ह्यो तुमच्याच बांधावरचो आंबो!"

शालनने पेटी हळूच खाली ठेवली. बाबल म्हणाला, "अरे, तो आबांच्या चितेक तोडललो आंबो. उरलला लाकूड आम्ही घरात घेणव नाय."

"माका कोणी सांगूक नाय रे," मी पुटपुटलो.

त्याआधीच्या शिमग्यात आबा, म्हणजे बाबलचे वडील गेले, तेव्हा मी ताप आल्याचा निरोप धाडला होता. ताप कसला! पेट्या पुऱ्या करायच्या होत्या.

बाबलची आई आवाज न चढवता म्हणाली, "सांगूचा काय त्यात? मयताक इलो असतस, तर तुकाच कुऱ्हाड धरूची लागली असती."