वसंताचा उलटा 'जय हिंद'

आरशाचं नाव काढू नका बाप्पा माझ्यासमोर! पाकिस्तानच्या लढाईनंतर गणपतीच्या देखाव्यासाठी मी अन् शेजारच्या वसंतानं लाकडाचे छोटे रणगाडे बनवले. माझ्या रणगाड्याच्या इंजिनावर चहाच्या गाळणीची जाळी. वसंतानं थेट अकोल्याच्या, छापखान्याचे ठसे बनवणाऱ्या ब्लॉकवाल्याकडून जस्ताच्या पत्र्यावर तेजाबानं जाळी कोरून आणली, केसासारखी बारीक! वरून रणगाड्याच्या मागं लावायले 'जय हिंद'ची पाटीही.

आमची बायको म्हणते, "पाहा, याले म्हणतात हात!"

मी लगेच खोट शोधायले वाकलो.

पाटी पाहतो तं अक्षरं उलटी! ब्लॉकवाल्यानं छापायच्या सवयीनं उलटंच कोरलं होतं. मी हरखलो. भर मंडपात म्हटलं, "काहून रे वसंता, हे वाचायले लोकाइनं घरून आरसा आणाव का?"

वसंता म्हणे, "बरी आठवण देली भाऊ!"

संध्याकाळी त्यानं न्हाव्याचा मोठा आरसा आणून रणगाड्याच्या मागं उभा केला. आरशात 'जय हिंद' एकदम सुलटा! लोकं टाळ्या वाजवून राहिले.

दुपारपर्यंत मी एका रणगाड्यावर जळत होतो. आता दोन दिसून राहिले होते!