करगाच्या वाटेतली तार

हॅलो? … हॅलो, कमलू? … अगं, तुझा चेहरा कसा काय दिसतोय मला? व्हिडिओ लावलास की काय? बंद कर. आधी तो बंद कर… पालथा घातला मी फोन. गादीवर, पालथा. … केलास बंद? नक्की? … हां. आता नुसतं बोल.

बहीण आहेस की कोण गं तू? आज नववा दिवस, मी ह्या मधल्या खोलीत बसलेय. हातात बांगडी नाही, कपाळाला कुंकू नाही, मंगळसूत्र ह्यांच्या गळ्यात. खिडकीला अत्तेंनी चादर ठोकलीय. करग, देवीचा घडा, नवऱ्याच्या डोक्यावर चढला की तोच देवी, बायकोनं त्याच्याकडे बघायचं नसतं, हे काय तुला नव्यानं सांगायचं? … चुकून दाबलं गेलं. बरं. … नाही गं, काही नाही दिसलं. पिवळं काहीतरी हललं. तुझा पदर असेल. … हिरवी नेसलीयस? मग दुसऱ्या कुणाचा असेल. सोड ना तो विषय.

कुठवर आलंय करग? … अजून भांड्यांच्या गल्लीतच? अगं, सकाळचे आठ वाजत आले. मी सून होऊन आले त्या वर्षी उजाडायच्या आत देवळात परत आलं होतं. … हो, हो, गर्दी. ठाऊक आहे. तेव्हा पेठेतली माणसं असायची आणि जवळपासची खेडी. आता तुझ्या व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारती रिकाम्या होऊन इकडे लोटल्यात. … कोण? झेंडी घेऊन? गाइड? … 'कार्यक्रम किती वाजता संपतो' म्हणून तुला विचारतोय? सांग त्याला, घरच्यांनाच पत्ता नाही.

बांगड्या घेतल्यास ना? … हिरव्याच गं. करग उतरलं की उद्या पुन्हा लग्न आहे माझं. हस, हस. तुझं एकदाच झालं, माझं ह्याच माणसाशी चौथं. … मागच्या खेपेसारख्या सैल नको, एवढं बघ.

बरं, पण वाजंत्री का थांबलीय? … थांबलीय गं, शेजारच्या टीव्हीवर करग लागलंय, त्यात मघापासून एक बाईच बडबडतेय. तू उगाच नाही फोन केलास. काय झालंय? … नाही, नाही घाबरत. सांग.

… तारा? कसल्या? … इंटरनेटच्या. हो, आमच्या गल्लीतही तेच, ह्या खांबावरून त्या खांबावर नुसता गुंता. पण ती वाट तालमीच्या वस्तादांनी, येल्लप्प मामांनी परवा स्वतः काठी घेऊन मापली होती. तालमीतली दहा पोरं होती बरोबर. … रात्रीतून खाली आल्या? फलकाच्या वजनानं? कुणाचा मेल्याचा फलक? … 'करगाला येणाऱ्यांचे हार्दिक स्वागत'. घ्या. स्वागत करायला मानेवरच येऊन बसले.

कापा म्हणावं. … विजेचीही त्यातच अडकलीय? … मग बांबूनं उचला. … उचलल्यात? किती? … ह्यांच्या टाळूच्या जरा वर. आणि टाळूवर घडा, घड्यावर मोगऱ्याचा हातभर मनोरा. … मागे? मागे कसं फिरणार, कमलू? बाहेर पडलेलं करग आल्या पावली परत फिरत नाही. आजवर कधी फिरलं नाही.

थांब, अत्ते विचारतायत. … अडलंय अत्ते, वाट अडलीय. तुम्ही निवडा तांदूळ. … तिसऱ्यांदा तेच तांदूळ पाखडतायत गं. पोरगा त्यांचा, नवरा माझा, आणि दोघी इथं भिंतीकडे तोंड करून.

… हो. म्हणजे बसूनच जायला लागणार. वाकून नाही चालायचं. पाठ ताठ ठेवून गुडघ्यात बसायचं आणि तसंच पुढं सरकायचं. हात लावायचा नाही घड्याला. … नाही, नाव काढू नकोस. पडलं तर काय होतं ते लहानपणापासून ऐकलंय आपण. करगाभोवती चालणाऱ्या वीरकुमारांच्या तलवारी शोभेच्या नसतात. नाव काढू नकोस.

अगं ऐक ना. ऐक. उजव्या पायावर भार घ्यायचा म्हणावं. कुणीतरी सांगा त्यांना. … डावा गुडघा गेलाय. … तालमीत कसं सांगतील? सांगितलं असतं तर यंदा दुसरा उभा केला असता. संक्रांतीपासून रोज रात्री तेल चोळत होते मी, दार लावून. … गेले नऊ दिवस कोण चोळणार? देवीचे पाय कुणी चोळतं का? … बरा होता गं, घरातून निघताना बरा होता. आत्ता गेलाय. … मला कसं कळलं म्हणजे? कळलं. … कळलं म्हटलं ना. तू वेळ घालवू नकोस.

…

पाहिलं मी. … हो. फोन पालथा घालायच्या आधी. डोळे मिटायला हवे होते, नाही मिटले. नऊ दिवसांनी दिसले गं. अंगावर देवीची पिवळी साडी, गळ्यात माझं मंगळसूत्र… आणि डावी टाच जमिनीला टेकत नव्हती. … पाप लागायचं ते मला लागेल, ते मी देवीशी बघून घेईन. … हो, अत्तेंनी ऐकलं. सगळं ऐकलं. … काय अत्ते? … त्या म्हणतात, आधी निरोप पोचव म्हणावं, मग रड.

मामा दिसतायत का तुला? … मग उतर त्या दुकानाच्या पायऱ्या. घुस. … पोलिस सोडत नाही? सांग त्याला, मी करगाची… नाही, नको. माझं नाव काढायचं नाही. मी नाहीच ना सध्या. करगाला बायको नसते. तुझं म्हणून सांग. जा.

… कमलू? … गोविंदा-गोविंदा ऐकू येतंय नुसतं. … पोचलीस? … सांगितलंस? … कोण म्हणतं असं विचारलं? … आणि तू 'अक्का म्हणते' म्हणालीस. अगं देवा, कमलू. … मग? … करगासमोर गेले. हात जोडले. … काय म्हणाले? त्यांच्या तोंडचं सांग, तुझं नको.

… 'अम्मा, उजव्या पायावर ये.'

… अम्मा म्हणाले. … हो. बरोबरच आहे. अम्माच ना.

ह्यांनी ऐकलं का? … डोळे मिटले. बरं. ऐकलं म्हणजे.

अगं, पण करंट बंद केलाय का? ओला मोगरा आहे सगळा, पाणी ठिबकत असेल. … कोण म्हणतं बंद केलाय? इथं माझ्या डोक्यावर पंखा फिरतोय. भांड्यांची गल्ली आणि आमची एकाच लाइनवर, तिथली गेली की इथली जाते. पंखा फिरतोय तोवर हलू देऊ नका त्यांना. सांग मामांना. ओरडून सांग. … वायरमन चढतोय? … चढू दे. सावकाश. …

… गेली. थांबला पंखा. टीव्ही पण गप्प झाला. आता जाऊ दे. … पण लगेच चालू नका करू म्हणावं. … मामा हात वर करतील तेव्हाच वीज सोडणार? पूर्ण पलीकडे गेल्यावरच? … बरं. बरं.

बसले? … किती? … अजून खाली जायला हवं. … पाठ ताठ आहे? … सरकतायत. … तार लागली? कशाला लागली? … मोगऱ्याला. पुसटशी. फुलं पडली? … पडू देत फुलं. … घडा? … डावा पाय मागून ओढतायत. ओढू देत, उजवा आहे ना. … किती राहिलं? … हात वर जात नाहीये ना घड्याकडे? … कमलू, बोल ना. … का ओरडली गं माणसं? हे कसलं ओरडणं? … कमलू?

हॅलो? … हॅलो?

… गेला फोन, अत्ते. … लागत नाही. सगळी पेठ एकदम फोन करत असेल. … नाही, मधेच होते. अर्धे ह्या बाजूला, अर्धे त्या. … मला नाही माहीत अत्ते, ओरडले एवढंच ऐकलं. … हॅलो? कमलू? … हॅलो?

…

अत्ते.

अत्ते, सूप झाका, कोंडा उडतोय सगळा. … वर बघा ना. पंखा फिरतोय.

… राहू द्या. उडू द्या कोंडा.