कातरणीचं गाणं, ढोलासकट

लुईस गावातल्या कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी हेटी नावाची तरुण गायिका आणि तिचे आजोबा बसले होते. आजोबांना फार कमी ऐकू येत होतं, त्यामुळे दोघांचं बोलणं सगळी खोली ऐकत होती.

"शनिवारी तू गात असताना पबमधून लोक उठून गेले म्हणे!"

"थोडेच गेले, आजोबा! बाकीचे नाचले!"

"लोकर कातरायच्या गाण्यावर कोण नाचतं? माझे आजोबा मेंढीला गुडघ्यात धरून ते गायचे, मीही तसाच गायलो. आणि तू त्यात यंत्राचा ढोल घातलास!"

"शब्द तेच आहेत, चालही तीच आहे!"

"पबवाला बर्ट म्हणतो, ढोल काढ, नाहीतर पुन्हा येऊ नकोस."

"मग मी बाहेर गाड्या लावतात तिथे उभी राहून गाईन. ढोल काढणार नाही."

"हट्टी कुठली!"

"कोणावर गेलेय? एकदा ऐका तरी."

"काय डोंबल ऐकू? तुझा आवाजसुद्धा आता मला नीट ऐकू येत नाही, पोरी."

"मग ऐकू नका. हा छोटा स्पीकर छातीशी धरा."

आजोबांनी स्पीकर दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरला.

"अगं, हे आत धडधडतंय."

"तोच ढोल आहे."

"थांब. ठेक्यावरून हे पोटाखालची लोकर काढतानाचं कडवं ना?"

"हो!"

"मग एवढी घाई कशाला? मेंढी कापली जाईल! इथे ढोल सावकाश वाजव."

"आणि बर्ट?"

"त्याच्याशी मी बोलतो."

"आजोबा, उठा, नर्स तुम्हाला बोलावतेय."

"तिला म्हणावं थांब जरा. तू हे पहिल्यापासून लाव."