सुलोचनाबाईंची काळी माशी

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी जागा करू नका, मी काय पुढारी न्हाई. मी शेवंता, खालच्या आळीची. बाईंची लेक प्रज्ञा म्हणाली, मावशी, आईबद्दल दोन शब्द बोला. दोन शब्दांत कसं बोलायचं गं पोरी? हितं लोणावळ्याहून, वलवणहून बाईंच्या हाताखाली शिकलेली मोठमोठी माणसं आलीत. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

सुलोचनाबाई आपल्याच भाजे गावच्या. ह्याच वस्तीत जन्मल्या, लोणावळ्याला शाळेत शिकवलं, वलवणला घर केलं. रिटायर झाल्या आन परत गावात यायला लागल्या. कशाला? तर माझ्या अंगणातल्या माश्या बघायला! लोक हसायचे. मी बी हसले व्हते.

गांधीलमाशी दिसली की आपण काय करतो? चप्पल उचलतो. मी बी उचलली. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "शेवंता, ही पोळं करत नाही. हिला राणी नाही, गोतावळा नाही. एकटीच बीळ खणते, एकटीच पोरांची सोय करते." मंडळी, माझं मालक जाऊन तवा वरीस बी झालं नव्हतं. मी चप्पल खाली ठेवली.

मग मी बी त्यांच्याशेजारी बसायला लागले. काय बघितलं म्हणून सांगू! माशी बीळ खणते, वर घिरट्या घालून जागा ध्यानात ठेवते आन शिकारीला जाते. कुणी अळी आणते, कुणी कोळी, कुणी रातकिडा. प्रत्येकीची आवड येगळी. नांगी मारून शिकार बधिर करायची, जीव घ्यायचा न्हाई, म्हंजी पोराला ताजं खायला मिळतं. अळी दारात ठेवून आधी आत डोकावून येते, मग तिला वढून नेते. तिच्या अंगावर अंडं घालते, बीळ बुजवते. एक तर तोंडात खडा धरून माती चोपत व्हती, आपण चोपण्यानं जमीन चोपतो तशी. मी म्हणलं, बाई, हिला कुणी शिकवलं वो?

आमच्याकडं कीर्तनात बुवा सांगायचे, माशी अळीला कोंडून ठेवते आन अळी ध्यान करून करून माशीच व्हते. मी त्ये बाईंना सांगितलं. बाईंनी एक बीळ हळूच उकरून दाखवलं. माशीचं पोर अळीला खात व्हतं. म्हणलं, म्हंजी बुवा खोटं बोल्ले? तर म्हणाल्या, "खोटं नाही गं. बुवांनी आत गेलेली बघितली, बाहेर आलेली बघितली. मधलं बघायचं राहिलं." असं बोलायच्या. कुणाला कमी लेखायच्या न्हाईत.

आता मला जे बोलायचंय ते बोलते. ते बोलल्याबिगर मला हितनं जाता यायचं न्हाई.

आमच्या अंगणातल्या माश्या कंबरेशी तांबड्या. पण बाईंना एक काळी दिसली. काळीकुट्ट. तीन वर्सं त्या तिच्या मागं व्हत्या. ती शिकार काय आणते, पंखावरच्या रेषा कशा हायेत, हे बघितल्याबिगर नाव द्यायचं न्हाई म्हणायच्या. गेल्या आश्विनात ती अंगणात बिळं खणायला लागली. बाईंचा फोन आला, "शेवंता, मी उद्या पुण्याच्या एका जाणकारांना घेऊन येते."

पाव्हणा येणार म्हणल्यावर आपण काय करतो? मी पहाटं उठले आन समदं अंगण शेणानं सारवलं. वर रांगोळी काढली. बाई येऊन कडंला थांबल्या. मी म्हणलं, या की, वाळलंय. ते साहेब म्हणाले, "बिळं कुठं आहेत?"

तवा माझ्या ध्यानात आलं. समदी बिळं माझ्या सारवणाखाली गेली व्हती.

बाईंनी खाली बघितलं. मग चप्पल काढली, मधोमध येऊन बसल्या. साहेबांना म्हणाल्या, "आज बघायला काही नाही. आज आपण पाहुणे." आन मला म्हणाल्या, "माझ्या आजीला ह्या अंगणाच्या बाहेर उभं राहून, वरनं ओतलेलं पाणी प्यावं लागायचं. तू माझ्यासाठी सारवलंस."

ते पाणी ओतणारी माझ्याच घरची बाई व्हती, मंडळी. मी मान वर केली न्हाई. जाताना मातुर बाई माघारी वळल्या. "तीन वर्षं थांबले होते गं," म्हणाल्या. दुःख झालंच त्यांना. का व्हणार न्हाई?

त्या म्हणालत्या, आतली पोरं जगली असतील तर पुढच्या आश्विनात वरचं सारवण फोडून येतील. तवापासनं मी अंगण सारवलं न्हाई. दिवाळीला न्हाई, पाडव्याला न्हाई. सासू म्हणते, "शेण संपलं का गं गावातलं?" म्हणू द्या.

औंदा आश्विन लागला आन बाई दवाखान्यात. तितनं फोन केला. "आली का गं?" मी काय सांगू? म्हणलं, आली बाई! "कशी आहे?" मी गडबडले. म्हणलं, लय देखणी, कंबरेशी तांबडी. बाई हसल्या, खोकला येईस्तवर हसल्या. "शेवंता, खोटंच सांगायचं होतं तर काळी तरी सांगायचंस!" त्यांचं-माझं ते शेवटचं बोलणं.

खोटं बोलून निरोप दिला वो मी त्यांना. ह्ये मला लय लागलंय.

म्हणून आज समद्यांच्या देखत खरं सांगते. आता उभं राहू, आन बाईंसाठी दोन मिनिटं कुणी काय बोलू नका. मी बी त्यांना एवढंच सांगून गप व्हते.

बाई, काळी आली न्हाई अजून. आज सकाळी बी बघितलं. उद्या बघते. जय भीम, बाई.