सारण चोरणारे पप्पा

अरे, पप्पा गेल्यावर मम्मीला वसईहून दुबईला आणलं ना, तर ती कुणाशी बोलेचना. एकदा जुमेरा लेक टॉवर्समध्ये अर्जेंटिनाच्या एका कुटुंबाचं छोटं हॉटेल दिसलं, शिरलो. काउंटरवर त्यांची आजी एम्पनाडा करत होती, म्हणजे खिम्याच्या करंज्याच. मम्मीनं हात धुतले आणि सरळ शेजारी जाऊन मुरड घालायला लागली!

"मम्मी, अगं हॉटेल आहे हे!"

आजीनं मलाच गप्प केलं. तिच्या सुनेनं इंग्रजीत विचारलं, "यांना कुणी शिकवलं?"

मी मराठीत विचारल्यावर मम्मी म्हणाली, "सासूनं. पण ह्याचे पप्पा सारण चोरून खायचे."

मी ते सुनेला सांगितलं, तिनं आजीला. आजी हसली, मग हळूच काहीतरी बोलली.

सून म्हणाली, "आजोबाही चोरायचे. आता सारण उरतं म्हणतेय."

मी ते मम्मीला मराठीत सांगितलं, आणि पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर रडली.